तिसरा शेरा

गिऱ्हाईक म्हणजे देव, अशी इंग्रजी पाटी आमच्या दुकानाच्या शेठनी कॅश काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावली होती. ती गिऱ्हाइकांना दिसायची. आमची तिच्याकडे पाठ असायची. देव म्हटला की नवस, प्रसाद आणि कोप हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. इथे त्यातला फक्त कोप वाट्याला आला. त्या काउंटरवर मी जेमतेम सहा महिने होते, पण माणसांवरचा विश्वास उडायला तेवढे पुरतात.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जुन्या पादरा रोडवरचं ते दुकान म्हणजे तेव्हा बडोद्यात नवलाई होती. ट्रॉली ढकलत हिंडायचं, हवं ते आपल्या हाताने उचलायचं, आणि वर थंडगार हवा. उन्हाळ्यात कितीतरी लोक निव्वळ हवा खायला यायचे आणि जाताना लाज म्हणून एक काडेपेटी घ्यायचे. खंडेराव मार्केटात पाव किलो भेंडीसाठी भाजीवालीशी अर्धा तास हुज्जत घालणारी माणसं इथे मुकाट्याने पाकिटं उचलायची. मला वाटायचं, चला, सुधारली. पण तसं नव्हतं. ती सगळी हुज्जत साठवून माझ्यापाशी आणायची. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्यांना बोलायला मिळणारं पहिलं जिवंत माणूस मीच होते.

कोणी नोट हातात न देता काउंटरवर टाकायचं, म्हणजे बोटाला बोट लागायला नको. कोणी रांगेत ट्रॉली उभी करून ‘एक मिनिट हां, बेन’ म्हणत जायचं ते तेलाचा डबा घेऊन पंधरा मिनिटांनी उगवायचं, आणि मधल्या काळातल्या शिव्या मी खायच्या. आम्हाला हिरवा एप्रन आणि कपाळापर्यंत येणारी टोपी होती. ती घातली की आम्ही सगळ्या एकसारख्या दिसायचो. समोरच्या माणसाने कधी तोंडाकडे पाहिलंच नाही. नजर पडद्यावरच्या आकड्यावर. माझे पणजोबा महाराजांच्या फौजेत शिलेदार होते. घरी त्यांची गंजकी तलवार होती आणि तिच्यामुळे आमच्या सगळ्या खानदानाला उगाचच ताठ चालायची सवय होती. ती सवय माझ्या जिभेतही उतरली होती. काउंटरवर उभं राहायला त्याच्याइतकी वाईट गोष्ट नाही.

पण नोकरी हवी होती. नवरा बाजव्याला एका ठेकेदाराकडे फिटर होता. ठेकेदाराने एक दिवस गाशा गुंडाळला आणि हे घरी बसले. सकाळी स्कूटर पुसायची, दुपारी पुन्हा पुसायची. घडियाळी पोळ ही आमची गल्ली; तिथल्या आमच्या दोन खोल्यांच्या संसारात तेवढी एकच वस्तू चकाचक होती. आणि त्याच वर्षी आम्ही मुलीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी घातलं म्हणून आम्हीही. तिची फी म्हणजे माझा पगार. तो बंद झाला तर मुलगी शाळेतून काढायची, इतकं ते सरळ होतं.

सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. मधल्या काळासाठी नियम एकच: दाराशी दोरीला पेन बांधलेलं एक फरियाद बुक ठेवलं होतं, त्यात आपल्या नावावर तीन तक्रारी चढल्या की घरी. मी त्यांना शेरे म्हणायचे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात असायचे तसे.

माझे दोन शेरे तिसऱ्याच महिन्यात झाले. पहिला एका साहेबांचा. फळीवरच्या चिठ्ठीवर एक भाव आणि कॉम्प्युटरमध्ये दुसरा. चूक दुकानाची, मान्य. पण ते मलाच चोर म्हणायला लागले तेव्हा मी म्हटलं, “साहेब, कॉम्प्युटर माझा भाचा नाही.” दुसरा एका बाईसाहेबांचा. अर्धी संपलेली कोल्ड क्रीमची बाटली परत करायला आल्या होत्या, कारण काय तर ‘असर थई नथी’, गुण आला नाही. मी काही बोलले नाही. फक्त हसले. त्यांनी पानभर लिहिलं. मॅनेजर माझ्याहून चार वर्षांनी लहान, गळ्यात टाय, मनाने वाईट नव्हता. म्हणाला, “बेन, हवे मोढुं बंद राखजो. त्रीजी आवशे तो मारा हाथमां नथी.” आता तोंड बंद ठेवा, तिसरी आली तर माझ्या हातात नाही. तेव्हापासून मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते आणि दिवस मोजत होते.

चौथ्या महिन्यात बाई आल्या.

मी सातवीत असताना त्या आमच्या वर्गशिक्षिका होत्या. आमची मराठी शाळा तेव्हा भरलेली होती, एका बाकावर तिघी. सकाळी हजेरी घेताना प्रत्येकीने उभं राहून ‘हजर, बाई’ म्हणायचं. नुसतं ‘हजर’ म्हटलं तर त्या हजेरीपटावरून मान वर करून थांबायच्या. बाई शब्द ऐकल्याशिवाय पुढचं नाव घेत नसत. मराठी त्याच शिकवायच्या. हाताने कधी मारलं नाही, पण त्यांच्या लाल पेनाची दहशत होती. वहीवर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवर असा काही गोल काढायच्या की वाटायचं, आपणच त्या गोलात उभे आहोत. माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी वर्षअखेरीला शेरा लिहिला होता: ‘अक्षर चांगले. तोंड आवरावे.’ खाली त्यांची सही, पहिल्या अक्षराला लांब शेपूट आणि शेवटी दोन टिंबं. ती सही काढायचा सराव मी अख्ख्या मे महिन्यात केला होता. तशी शेपूट मला कधी जमली नाही.

तर अशा बाई माझ्या काउंटरसमोर ट्रॉली घेऊन उभ्या होत्या. केस पांढरे, पदर उजव्या खांद्यावरून पुढे, गुजराती पद्धतीने. त्यांच्या अंगावर तो पदर पाहून मी क्षणभर गोंधळले. तोंडातून आलं ते शिकवलेलं वाक्य, “जी मॅडम, नमस्ते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गुजरातीत म्हणाल्या, “बिल सरखुं बनावजो.” बिल नीट करा. बस, एवढंच. मला वाटलं, ओळखलं नाही. हजारो मुली हाताखालून गेल्या असतील, त्यात ही टोपी. आपण होऊन ओळख सांगायची तर काय सांगणार, की बाई, मी तुमची विद्यार्थिनी, इथे पिशव्या भरते? मी बिल करायला लागले.

बिल हातात आलं आणि त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं.

एकेक वस्तू पिशवीतून बाहेर, बिलावर तिची ओळ, तिच्यापुढे बरोबरची खूण. तूरडाळ, खूण. साबण, खूण. एखादं नाव कॉम्प्युटरने अर्धवट छापलेलं असलं की विचारायच्या, हे काय आहे. मागे रांग खोळंबलेली. त्यांना त्याचं काही नव्हतं. दर बुधवारी आणि शनिवारी त्या यायच्या, नेमक्या माझ्याच काउंटरवर, आणि वीस-वीस मिनिटं माझी रांग अडवून धरायच्या. शेजारच्या काउंटरवरच्या मुली त्यांना लांबून पाहिल्या की मला म्हणायच्या, “आली तुझी सासू.” मला त्यांचा राग यायचा, हे कबूल करते. बाईंचा राग! ज्यांच्यासमोर मान वर करायची छाती नव्हती, त्यांना मी मनातल्या मनात म्हणायचे, आटपा आता. आणि दुसऱ्या क्षणी स्वतःची लाज वाटायची. दोन महिन्यांत आमच्यात बिलाखेरीज एक अक्षर बोलणं झालं नाही.

आता इथे बडोद्याबाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बडोद्याची मराठी माणसं घरात मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की जीभ आपोआप वळते. त्यात चूक होत नाही. बाहेर भेटणारी प्रत्येक बाईमाणूस ही बेन. तिला बाई म्हणायचं नाही. गुजराती कानाला बाई म्हणजे धुणं-भांडी करणारी. आता घरात आम्हीही मोलकरणीला बाईच म्हणतो, नाही असं नाही; पण आमच्याकडे शाळेतल्याही बाईच, आणि त्या दोघींची गल्लत मराठी कानाला कधी होत नाही. गुजराती शाळेत शिक्षिकेलाही बेन म्हणतात. हे आमच्या पोळीतल्या तीन वर्षांच्या पोराला कळतं. मीही तीस वर्षांत बाहेर कोणाला चुकून बाई म्हटलं नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. दुकानात मुंगीला शिरायला जागा नाही. बाई आल्या, आज बरोबर सूनही होती, गुजराती, चांगल्या घरातली, घाईची. बिल झालं. सून म्हणाली, मिठाईचे बॉक्स राहिले, आणते, आणि परत आत गेली. बाईंनी लाल पेन काढलं.

रांग दारापर्यंत गेली होती. तिसऱ्या नंबरवर एक गृहस्थ होते, हातात दोन किलो साखर. ते आधीपासूनच पाय आपटत होते. शेवटी मोठ्याने म्हणाले, “आ डोशी आखो दहाडो लेशे!” ही म्हातारी दिवसभर घेणार. दोघं-तिघं हसले. बाईंचं पेन थांबलं. मी पाहिलं, त्यांनी बाहेर काढलेल्या वस्तू न तपासताच पिशवीत भरायला घेतल्या, आणि त्या गडबडीत पोह्यांचं पाकीट खाली पडलं.

मला राहवलं नाही. वाकून पाकीट उचललं, त्यांच्या हातात दिलं, आणि म्हटलं, “बाई, तुम्ही सावकाश तपासा. मी आहे.”

मराठीत. बाई. बावीस वर्षांचं अंतर कुठच्या कुठे गेलं. त्यांनी वर पाहिलं. ओळखीचं काहीतरी त्या डोळ्यांत हललं, याबद्दल मला आजही शंका नाही.

आणि मागून आवाज आला. “मारां सासुने बाई कोणे कह्युं?”

मिठाईचे बॉक्स हातात धरून सून उभी होती. तिला माझ्या वाक्यातला तो एकच शब्द कळला होता. “कामवाळी समजी छे?” ती ओरडली. तिचं तरी काय चुकलं? आपल्या सासूचा भर दुकानात अपमान झाला असं तिला वाटलं, आणि ती सासूच्या बाजूने उभी राहिली. मी गुजरातीत समजवायला गेले की मराठीत शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, या माझ्या... पण वाक्य पुरं व्हायच्या आत साखरवाले गृहस्थ पुढे आले. ज्यांनी डोशी म्हटलं होतं तेच. “बेन, तमे लखो. आजकाल स्टाफने बोलवानुं भान ज नथी,” ते म्हणाले. तुम्ही लिहा म्हणे, स्टाफला बोलायचं भान नाही! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण तिसरा शेरा समोर दिसत होता, आणि मी तोंड आवरलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंचा शेरा पाळला.

मी बाईंकडे पाहत होते. एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. ही माझी विद्यार्थिनी आहे, नाहीतर नुसतं, जाऊ दे. त्या बिलाकडे बघत होत्या. अर्ध्या ओळींपुढे लाल खुणा झाल्या होत्या, खालच्या कोऱ्या होत्या.

सून दाराशी गेली, दोरीचं पेन ओढून फरियाद बुकात भराभर लिहिलं आणि हाक मारली, “मम्मी, अहीं सही करो. तमने कह्युं छे ने.” तुम्हालाच म्हटलंय ना. बाई सावकाश गेल्या. वाकल्या. सही केली. आणि पिशवीचं एक टोक सुनेने, एक त्यांनी धरून दोघी बाहेर पडल्या.

रांग संपल्यावर मी ते पान पाहायला गेले. वर सुनेची गुजराती तक्रार, कॅशियर उद्धट आहे, वडीलधाऱ्यांना बाई म्हणते. खाली मराठीत सही. पहिल्या अक्षराला लांब शेपूट, शेवटी दोन टिंबं. इतक्या वर्षांत जराही बदलली नव्हती. मी तिथेच टोपी काढली आणि रडले. चिवड्याचं पाकीट घेऊन जाणारी एक पोरगी माझ्याकडे बघत आईला विचारत होती, हिला काय झालं.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. त्याला मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो पछी बेन केम ना कह्युं?” मग बेन का नाही म्हणालात? बेन म्हटलं असतं तर त्या माझ्या कोण लागल्या असत्या? तो म्हणाला, शेठ बुधवारी बुक बघतात. त्याच्या आत त्या बेनने दोन ओळी लिहून दिल्या की गैरसमज झाला होता, तर मी हे पान निकालात काढतो. नाहीतर नियम.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “अगं, मग जा ने त्यांच्याकडे. तुझ्या बाई आहेत, दोन ओळींत काय वांधा आहे?” मी म्हटलं, “त्यांनी सही केली हो.” हे म्हणाले, “मुलीची फी सही बघून घेत नाहीत.” बरोबरच होतं त्यांचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर पाय बाईंचे होते, ते धरायला लाज कसली.

घरपोच सामानाच्या वहीतून पत्ता काढला. मंगळवारी माझी सुट्टी होती. दुपारी तीनच्या सुमाराला, सून घरी नसेल असा अंदाज बांधून गेले. रेसकोर्सकडच्या एका इमारतीत तिसरा मजला. जाळीच्या दारामागून बाईंनी पाहिलं. एप्रन नाही, टोपी नाही, अंगावर साधी सुती साडी. तरी त्यांनी कडी काढली आणि मराठीत म्हणाल्या, “ये. चपला आत घे.”

मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, “ओळखलं होतं गं तुला. पहिल्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीत, बाई?”

“तू मॅडम म्हणालीस. म्हटलं, हिला ओळख द्यायची नसेल. मोठ्या दुकानात आहे.” मग म्हणाल्या, “तुझ्या रांगेत यायचे मी मुद्दाम. वाटायचं, कधीतरी म्हणशील.”

दोन महिने त्या एका शब्दासाठी माझी रांग अडवून उभ्या राहिल्या होत्या, आणि मी मनात त्यांना आटपा म्हणत होते.

घर छान होतं. सोफा, टीव्ही, काचेच्या कपाटात बाहुल्या. मराठीचं एक पुस्तक कुठे दिसलं नाही. माझी नजर फिरलेली त्यांनी पाहिली असावी. म्हणाल्या, “इथे मराठी बोलू नका असं मला कोणी म्हटलेलं नाही हां. कोणी बोलतच नाही, एवढंच. मुलगा सुद्धा आता विसरला. नातवंडं बा म्हणतात. बाईतली ई गेली, बा राहिली.” आणि हसल्या, वर्गात व्याकरणातली गंमत सांगून हसायच्या तशा. मग विचारलं, “तुझी मुलगी कुठल्या शाळेत?”

“इंग्रजी, बाई.”

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. पण त्या खरंच तसं म्हणाल्या.

मी का आले ते सांगितलं. नोकरी, फी, बुधवार. त्या लगेच उठल्या. “चूक माझी आहे. मी तिथे बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही बघ. ती माझ्या बाजूने भांडत होती गं, किती दिवसांनी. तिला मधेच थांबवून तू चुकलीस म्हणणं...” वाक्य तिथेच सोडलं. कागद घेतला, पेन घेतलं, तेच लाल, आणि लिहायला बसल्या.

‘सविनय निवेदन, की...’ अशी सुरुवात केली. मग स्वतःच म्हणाल्या, तुझ्या मॅनेजरला मराठी कुठलं वाचता येणार. तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला, गुजरातीत लिहायला लागल्या. एक ओळ झाली आणि एका शब्दाच्या वेलांटीपाशी अडल्या. ऱ्हस्व की दीर्घ? खोडलं. खोडलेलं पत्र द्यायचं त्यांना पटेना. तिसरा कागद. मी म्हणत होते, बाई, असू द्या, चालेल, कोणी बघत नाही. त्या म्हणाल्या, “चालेल काय? अर्ज आहे तो.” जित्याची खोड! मी भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि त्यांच्या हाताकडे आळीपाळीने बघत होते. ‘बाई हा शब्द मराठीत आदराने’ इथवर गुजरातीत सुबक अक्षरात आलं होतं, तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

बाईंनी तीनही कागद एकत्र केले, घडी घातली आणि कमरेला खोचले. इतक्या चपळाईने त्यांना काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. पेन पर्समध्ये गेलं. मी सोफ्याच्या कडेला बसले होते. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला उभं केलं. हाताला जोर होता.

सून आत आली. माझ्याकडे पाहिलं. ओळख काही नाही. तोंड तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“कोण छे, मम्मी?”

बाई म्हणाल्या, “आ बाई कामनुं पूछवा आवी छे.” ही बाई काम आहे का विचारायला आलीय.

आवाज अगदी साधा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत होत्या, आणि कमरेवरचा हात उचलत नव्हत्या. मला सगळं कळलं. कळून काही उपयोग होत नाही. मी तोंड उघडून खरं सांगितलं असतं, तर बहुतेक काहीच मोठं झालं नसतं. सून चार शब्द बोलली असती, कदाचित हसलीही असती. पण त्या बाईंना भीती वाटत होती, सातवीच्या वर्गात ज्यांच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने आम्ही गप्प व्हायचो त्या बाईंना.

सुनेने सासूलाच विचारलं, “कपडां-वासण बन्ने करशे?” धुणं-भांडी दोन्ही करेल?

“हा बेन, बन्ने,” मी म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात येऊनही गेलं, की करायला काय हरकत आहे, उद्यापासून मोकळीच आहे.

ती म्हणाली, आत्ता आमच्याकडे आहे, लागली तर सांगू. मी चपला घातल्या. बाई जाळीच्या दारापर्यंत आल्या, कडी लावली आणि म्हणाल्या, “सारुं बाई, आवजो.”

मराठीत ‘येते, बाई’ म्हणायचं होतं. ओठावर आलेलं होतं. मी म्हटलं, “आवजो, बेन.” इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बेन म्हटलं. जिने कसे उतरले ते आठवत नाही. खाली येऊन एका स्कूटरला धरून बराच वेळ उभी राहिले. वर बघायची हिंमत झाली नाही. त्या खिडकीत आल्या असतील का, हे मला आजतागायत माहीत नाही, आणि आल्या नसतील असं धरून चालणंच सोपं पडतं.

बुधवारी सकाळी मॅनेजरने विचारलं, “लखी आप्युं?” लिहून दिलं?

“ना,” मी म्हटलं. “मारी भूल हती. ए मारां टीचर नहोतां.” माझीच चूक होती, त्या माझ्या शिक्षिका नव्हत्या.

त्याने एप्रन आणि टोपी मोजून घेतली, फरियाद बुक उघडलं आणि त्या तक्रारीखाली लिहिलं, कॅशियरने चूक कबूल केली. बाईंची सही होती तिच्या बरोबर खाली त्याने बोट ठेवलं. “अहीं सही.”

मी केली. अक्षर चांगलं आलं.